पुसलेली ओळ

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आठ दिवस राहायला आला होता. वय वर्षं अकरा. आंबे, क्रिकेट आणि फोन या तीन गोष्टींवर हा मुलगा जगतो, असं माझ्या बहिणीचं म्हणणं. पण फोनमध्ये डोकावून पाहिलं तर स्वारी बुद्धिबळ खेळत होती! मला अगदी भरून आलं. माळ्यावरचा लाकडी पट काढला, हरवलेल्या एका हत्तीच्या जागी बाटलीचं बूच ठेवलं आणि त्याच्याशी खेळायला बसलो. लागोपाठ तीन डाव हरलो.

हरण्याचं एवढं काही नाही. पण तिसऱ्या डावानंतर पठ्ठ्याने सगळा डाव आठवून फोनमध्ये घातला आणि मला माझ्या चुका दाखवायला सुरुवात केली.

"मामा, इथे तू घोडा हलवलास ना, तिथेच गेलास. स्टॉकफिश म्हणतंय, वजीर मागे घ्यायला हवा होता."

मी गप्प. मग त्यानेच विचारलं, "स्टॉकफिश कुठल्या कंपनीचं आहे?"

"कुठल्याच नाही. लोकांनी मिळून केलंय. फुकट आहे."

"मग त्या लोकांना पैसे कोण देतं?"

"त्या कामाचे कुणी देत नाही."

त्याचा विश्वास बसला नाही हे दिसतच होतं. पण त्याच्या डोक्यात तेवढ्यात दुसरंच काहीतरी आलं. "आजोबा सांगायचे, तूपण चेसचा प्रोग्रॅम केला होतास. खालच्या मजल्यावरच्या काकांना त्याने हरवलं होतं. कुठाय तो?"

स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला, "अरे, सगळी बिल्डिंग आली होती बघायला! बाबांनी पेढे वाटले होते!"

मी आंबा कापायला घेतला आणि विषय बदलला.

पण ते दोन्ही प्रश्न डोक्यातून गेले नाहीत. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचं अगदी छोटं आहे, पण ते द्यायला मला पंचवीस वर्षं जमलेलं नाही. म्हणून आज दोन्ही एकदमच लिहून टाकतो.

सुरुवातीला या क्षेत्रात हौशी आणि धंदेवाईक असा भेदच नव्हता, कारण धंदा करण्यासारखं काही नव्हतंच. ॲलन ट्युरिंग आणि त्याचा मित्र डेव्हिड चॅम्परनाउन यांनी १९४८ च्या सुमारास बुद्धिबळ खेळण्याचे नियम कागदावर लिहिले, पण ते चालवेल असं यंत्रच हाताशी नव्हतं. मग १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच यंत्र झाला. समोर ॲलिक ग्लेनी नावाचा सहकारी, आणि हा कागदावर आकडेमोड करून आपल्याच नियमांनी येईल ती खेळी करतोय! डाव तो हरला. १९५० मध्ये क्लॉड शॅननने या विषयावर जो लेख छापला, तो तर सगळ्यांसाठी खुलाच होता. पुढे विद्यापीठांतली मंडळी मोठमोठ्या संगणकांवर हाच उद्योग करू लागली. १९७४ मध्ये स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती मॉस्कोच्या 'काइसा' या प्रोग्रॅमने जिंकली. यातलं कुणी दुकान थाटून बसलं नव्हतं.

दुकान आलं १९७६ मध्ये. टोरांटोच्या पीटर जेनिंग्जने 'मायक्रोचेस' लिहिला, 'किम-१' नावाच्या एका उघड्या पाटीवजा संगणकासाठी. त्याची मेमरी किती, तर साधारण अकराशे बाइट. तुम्ही आत्ता वाचताय ना, हा एकच परिच्छेदही त्यात मावणार नाही. त्यात या माणसाने बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम बसवला आणि त्याची छापील प्रत दहा डॉलरला टपालाने विकायला काढली. संगणक बनवणाऱ्या कंपनीने सगळे हक्क हजार डॉलरला मागितले, तर हा नाही म्हणाला. पुढे त्याच्या हजारो प्रती खपल्या आणि त्या पैशाचा हातभार 'व्हिजिकॅल्क'ला लागला. म्हणजे आज हापिसात आपण ज्या स्प्रेडशीटवर डोकं आपटतो, तिच्या खापरपणजीला!

१९७८ मध्ये डॅन आणि कॅथी स्प्रॅक्लेन या कॅलिफोर्नियातल्या नवरा-बायकोने 'सार्गन' आणला. घरच्या छोट्या संगणकांची तिथली एक स्पर्धा त्यांनी जिंकली आणि मग काय केलं, तर सगळा प्रोग्रॅम ओळीन् ओळ पुस्तकरूपात छापून विकायला ठेवला. ही गोष्ट मला फार आवडते. त्यांनी पैसे मिळवलेच, पण वही उघडी ठेवून मिळवले. पुस्तक घ्या, वाचा, आपल्या संगणकात टंकून घ्या, आणि शिका.

यानंतर मात्र वह्या मिटत गेल्या. १९८० च्या दशकात बुद्धिबळाचे डबे बाजारात गाजले. लाकडी पट, आत चिप. म्युनिकच्या एका कंपनीचे 'मेफिस्टो' नावाचे पट त्यात सगळ्यांत नावाजलेले. त्यांच्यासाठी रिचर्ड लँग हा इंग्रज प्रोग्रॅम लिहायचा आणि वर्षामागून वर्षं जगज्जेता व्हायचा. स्प्रॅक्लेन दांपत्यही एका डबेवाल्या कंपनीसाठी लिहू लागलं. मग घरोघरी पीसी आले आणि डब्यांची जागा सीडीने घेतली. हँबर्गच्या 'चेसबेस' कंपनीचा 'फ्रिट्झ' आठवतोय ना? फ्रान्स मोर्श या डच माणसाने लिहिलेला. १९९५ मध्ये हाँगकाँगला या फ्रिट्झने साध्या पेंटियमवर चालून आयबीएमच्या 'डीप ब्लू'च्या पूर्वावताराला हरवलं आणि जागतिक विजेतेपद नेलं. (त्यानंतर दोनच वर्षांनी डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवलं, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.) या काळातल्या स्पर्धांमध्ये हौशी आणि व्यावसायिक असे गट आणि मानही वेगवेगळे असत. हौशी म्हणजे कुणी विद्यार्थी, कुणी प्राध्यापक, दिवसा नोकरी आणि रात्री बुद्धिबळ. व्यावसायिक म्हणजे ज्यांचं पोट त्यावर आहे ते.

आणि वही का मिटली, तेही समजण्यासारखं आहे. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमला मुख्य अवयव दोन. एक, पुढच्या शक्यतांचं झाड उभं करणारा: मी ही खेळी केली, त्याने ती केली, मग मी ही. प्रत्येक वेळी सरासरी तीस-पस्तीस खेळ्या शक्य असतात, त्यामुळे झाड बघता बघता रान होतं आणि बिनकामाच्या फांद्या न बघताच छाटाव्या लागतात. दुसरा अवयव, फांदीच्या टोकाला आलेल्या स्थितीला गुण देणारा. प्यादं शंभर, घोडा तीनशेच्या आसपास, हत्ती पाचशे, वजीर नऊशे, एवढं शेंबडं पोरही सांगेल. पण राजापुढचं प्यादं सरकलं तर किती वजा? एकाच रांगेत दोन प्यादी अडकली तर किती वजा? कुठली फांदी कधी छाटायची? हे आकडे म्हणजेच त्या माणसाची दहा-पंधरा वर्षांची मेहनत. ते उघड केले तर दुसऱ्या दिवशी शेजारी तेच विकेल. घराण्यातले गवई खास चिजा बाहेरच्यांना देत नसत, तसंच हे.

अशा वेळी रॉबर्ट हायट नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाने उलटं केलं. हा गडी लहानसहान नव्हता. त्याच्या 'क्रे ब्लिट्झ'ने १९८३ आणि १९८६ अशी दोनदा जागतिक स्पर्धा जिंकली होती, तीही क्रे महासंगणकावर. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्याने साध्या संगणकांसाठी 'क्राफ्टी' लिहिला आणि त्याचा सगळा कोड इंटरनेटवर ठेवून दिला. टिपांसकट. टॉम केरिगनने तर खास नवख्यांसाठी 'टीएससीपी' नावाचा छोटासा प्रोग्रॅम ठेवला. सी भाषेतल्या काही हजार ओळी, इतक्या स्वच्छ की कॉलेजातल्या पोरानेही वाचाव्यात.

कॉलेजातल्या पोराने त्या वाचल्या. आता माझ्यावर येतो.

साल १९९९. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घरी बाबांनी पीएफमधून पैसे काढून असेंबल केलेला पेंटियम घेऊन दिला होता. एवढा खर्च केला म्हणजे पोराने त्यावर काहीतरी करून दाखवलं पाहिजे, असं ते बोलत नसत, पण मला ऐकू यायचं. बाबांना बुद्धिबळाचं वेड. मी एकदा जेवताना सहज बोलून गेलो, "मी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहितोय." झालं! दुसऱ्या दिवशी बाबांच्या हापिसात बातमी, तिसऱ्या दिवशी बिल्डिंगमध्ये. "दिवाळीला दाखवेल," हेही बाबांनीच ठरवलं.

मी खरंच लिहीत होतो हो. टर्बो सी मध्ये पट काढला होता. सोंगट्या एकेक ठिपका रंगवून केल्या होत्या, उंटाची तर मान जमायला चार दिवस गेले. पण आतलं डोकं काही जमेना. माझा घोडा पटाच्या उजव्या कडेवरून उडी मारायचा आणि डाव्या कडेवर उतरायचा! तो दुरुस्त केला तर प्यादी मागे चालायला लागली. ते सगळं नीट झालं तेव्हा प्रोग्रॅम फक्त दोन खेळ्या पुढचं बघायचा आणि आनंदाने वजीर देऊन बसायचा. दिवाळी तीन आठवड्यांवर आली.

मग मी सायबर कॅफेत गेलो, तासाला चाळीस रुपये देऊन टीएससीपी फ्लॉपीवर उतरवून घेतला आणि त्याचं डोकं माझ्या पटाला जोडलं. मेमरी पुरेना म्हणून दोन ॲरे लहान केले. चार-पाच नावं बदलली. प्रत्येक फाइलच्या अगदी वर एक ओळ होती: प्रोग्रॅमचं नाव, लेखकाचं नाव, हक्क राखीव. ती ओळ मी पुसली आणि तिथे माझं नाव घातलं.

दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं. गावाहून आलेले मोठे काका देशी पद्धतीने खेळणारे, त्यांनी पहिल्याच खेळीला हरकत घेतली, "प्यादं दोन घरं कसं गेलं? बनवाबनवी आहे!" सगळे हसले. मीही हसलो, पण पोटात गोळा आला होता. मग खालच्या मजल्यावरचे काका खेळायला बसले. बिल्डिंगमधले सगळ्यांत चांगले खेळाडू. चाळीसेक खेळ्यांत हरले. बाबांनी पेढ्यांचा पुडा आधीच आणून ठेवला होता.

रात्री सगळे गेल्यावर बाबांनी विचारलं, "सगळं तूच लिहिलंस?" त्यात संशय नव्हता. त्यांना फक्त ते एकदा माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मी "हो" म्हणालो.

असो. मी पुढे नोकरीला लागलो, बुद्धिबळाचा कोड लिहिणं सुटलं, पण या जगातल्या बातम्या वाचण्याची सवय राहिली. २००० मध्ये एक महत्त्वाची गोष्ट झाली. 'श्रेडर' या व्यावसायिक प्रोग्रॅमचा लेखक स्टेफान मायर-कालेन आणि रुडॉल्फ हुबर यांनी प्रोग्रॅमचं डोकं आणि पडद्यावरचा पट यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे 'यूसीआय' नावाचे नियम सगळ्यांसाठी मोकळे केले. म्हणजे उंटाची मान काढण्यात चार दिवस घालवायची गरज संपली. तुम्ही फक्त डोकं लिहा, पट कुठलाही जोडा. धंदेवाईक म्हणजे कंजूष आणि हौशी म्हणजे उदार, अशी वाटणी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

२००४ मध्ये फाबियाँ लेतुझे या फ्रेंच माणसाने 'फ्रूट' आणला. सुटसुटीत, नेटका. २००५ मध्ये रेकयाविकच्या जागतिक स्पर्धेत तो दुसरा आला, भल्याभल्या दुकानदारांच्या पुढे. आणि त्याच वर्षी त्याची २.१ आवृत्ती लेतुझेने जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली केली. हा परवाना अगदी घरगुती भाषेत सांगायचा तर असा: घ्या, वाचा, बदला, हवं तर विकासुद्धा. पण पुढे देताना हे कुणाकडून घेतलं ते सांगा आणि तुमची वहीही तशीच उघडी ठेवा.

डिसेंबर २००५ मध्ये 'रिब्का' आला. लेखक वासिक राइलिख, स्वतः बुद्धिबळातला इंटरनॅशनल मास्टर. रिब्काने आल्या आल्या सगळ्यांना मागे टाकलं, अगदी फ्रिट्झ आणि श्रेडरलाही. पुढची चार-पाच वर्षं रिब्काचं राज्य होतं. वही अर्थात बंद. फ्रूटचा कोड आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि त्यातून बरंच काही घेतलं, हे राइलिखने एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलंही होतं. प्रश्न एवढाच होता की 'घेतलं' म्हणजे काय घेतलं? कल्पना की ओळी?

२०११ मध्ये लेतुझे आणि इतर काही प्रोग्रॅमरांच्या तक्रारीवरून संगणक बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने चौकशी नेमली. रिब्काचा मूळ कोड हाती नव्हता, म्हणून मंडळींनी त्याचं यंत्रभाषेतलं रूप उलगडून फ्रूटशी ताडून पाहिलं. जूनमध्ये निकाल आला: रिब्का हा क्राफ्टी आणि फ्रूटवरून उचललेला आहे, २००६ ते २०१० या स्पर्धांतून तो बाद, मिळवलेली विजेतेपदं रद्द, लेखकावर आजन्म बंदी. राइलिखने आरोप मान्य केला नाही. त्याच्या बाजूने बोलणारेही होते. त्यांचं म्हणणं, पटाची मांडणीच वेगळी आहे, कल्पना घेणं हा गुन्हा नव्हे, आणि फ्रूटपेक्षा कितीतरी जास्त ताकद याने स्वतःच्या अकलेने आणली. त्यातला शेवटचा मुद्दा तर कुणीच नाकारत नाही. आजन्म बंदीबद्दल २०१५ मध्ये फिडेच्या नीतिसमितीने उलट संघटनेलाच दोष दिला.

आणि गंमत पाहा. चौकशीच्या आधीच, २००९ मध्ये, कुणी अनामिकांनी 'इप्पोलिट' नावाचा प्रोग्रॅम कोडसकट सोडून दिला होता. तो म्हणजे आपलाच रिब्का उकलून काढलेला आहे, अशी तक्रार खुद्द राइलिखची होती! पुढे याच माळेतून आणखी प्रोग्रॅम निघाले. म्हणजे ज्याच्यावर उचलेगिरीचा आरोप, तोही उचलेगिरीचा बळी.

तो निकाल मी हापिसात, जेवणाच्या सुट्टीत वाचला. बाजूचे लोक क्रिकेटबद्दल बोलत होते. माझा डबा तसाच राहिला. राइलिखबद्दल मत बनवण्याच्या फंदात मी पडलो नाही. त्याने वाचलं, घेतलं आणि निदान थोडंफार तरी सांगितलं. वर स्वतःची एवढी भर घातली की जग मागे पडलं. मी काय भर घातली होती? दोन ॲरे लहान केले होते.

आमच्या आईची एक पद्धत होती. शेजारून वाटीभर साखर, चमचाभर विरजण आणलं की ती कालनिर्णयच्या त्या तारखेच्या मागच्या बाजूला लिहून ठेवायची: "साखर १ वाटी, समोरून." परत केलं की काट. उसनं आणण्यात तिला कधी लाज वाटली नाही. पण लिहायचं राहिलं तर चुकल्यासारखं व्हायचं. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमांचा सगळा इतिहास मला तरी या उसनवारीचाच वाटतो. शॅननकडून सगळ्यांनी घेतलं. क्राफ्टी वाचून एक पिढी शिकली. लेतुझेनेही काही शून्यातून सुरुवात केली नव्हती, आणि पुढे फ्रूटच्या आवृत्त्या त्यानेही विकल्याच. तेव्हा पैसे घेतले की नाही, हा खरा फरक नाहीच. कालनिर्णयच्या मागे लिहिलं की नाही, हा आहे.

स्टॉकफिश का जिंकलं, त्याचंही उत्तर इथेच आहे. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडने 'ग्लाउरुंग' नावाचा प्रोग्रॅम उघडा ठेवला होता. २००८ मध्ये इटलीच्या मार्को कोस्ताल्बाने तो घेतला, सुधारला, आणि नाव दिलं स्टॉकफिश. हा म्हणजे वाळवलेला कॉड मासा, आपल्या सुक्या बोंबलाचा युरोपातला थोरला भाऊ. नॉर्वेत वाळवतात, इटलीत शिजवतात, म्हणून हे नाव! मूळ लेखकाला पुसायचं सोडून त्याने त्याची आठवण प्रोग्रॅमच्या नावातच ठेवली. मग रोमस्टाड स्वतःच येऊन मिळाला, फिनलंडचा योना कीस्कीही आला.

खरी कलाटणी मिळाली २०१३ मध्ये. गॅरी लिन्सकॉटने 'फिशटेस्ट' सुरू केलं. कुणाला सुधारणा सुचली, तर जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती एकमेकींशी हजारो डाव खेळतात. कित्येकदा फरक इतका बारीक असतो की तो खरा की योगायोग, हे कळायला दहादहा हजारांच्या घरात डाव लागतात. आणि बहुतेक सुधारणा नापासच होतात. एकट्या दुकटय़ा दुकानदाराला एवढे डाव खेळवायला संगणक कुठून परवडणार? इथे जगभरचे लोक रात्री आपापले संगणक या कामाला लावून झोपतात. एका संगणकाला हजारो वर्षं पुरलं असतं, एवढं काम असं झालंय. व्यावसायिकांची अक्कल कमी पडली नाही, हात कमी पडले. आणि हात बंद वहीपाशी जमत नाहीत.

२०२० मध्ये स्टॉकफिशने आणखी एक उसनवारी केली. यू नासू या जपानी माणसाने २०१८ मध्ये शोगी या जपानी बुद्धिबळासाठी एक छोटं, वेगवान न्यूरल जाळं बनवलं होतं. हिसायोरी नोदाने ते स्टॉकफिशला जोडून दाखवलं आणि स्टॉकफिश १२ मध्ये ते अधिकृतपणे आलं. स्टॉकफिशच्या कोडमध्ये लेखकांची म्हणून एक स्वतंत्र फाइल आहे. तीत हीही नावं आहेत, आणि मोजायला बसलात तर कंटाळा येईल इतकी इतरही.

२०२१ मध्ये चेसबेसने 'फॅट फ्रिट्झ २' बाजारात आणला, सुमारे शंभर युरोंना. आत स्टॉकफिश, वर वेगळं जाळं आणि थोडे बदल. स्टॉकफिशची मंडळी त्यावर म्युनिकच्या कोर्टात गेली. तक्रार विकण्याबद्दल नव्हतीच, परवाना विकायला ना म्हणत नाही. तक्रार होती, घेणाऱ्याला हे मूळ कुणाचं आणि त्याचे हक्क काय, हे नीट सांगितलं नाही याची. नोव्हेंबर २०२२ मध्ये समझोता झाला. स्टॉकफिश असलेली उत्पादनं कंपनीने वर्षभर विकायची नाहीत आणि परवान्याचं पालन बघायला एक माणूस नेमायचा, असं ठरलं. तीस वर्षांपूर्वी ज्या दुकानाच्या फळीवर हौशी माणसाला जागा नव्हती, त्या दुकानाला हौशी लोकांनी हे सांगितलं. आनंद होतोच. पण रिचर्ड लँगसारखं आयुष्यभर एकच गोष्ट लिहून त्यावर घर चालवायचं, ते दिवस या फुकटच्या माशानेच संपवले, याचं थोडं वाईटही वाटतं. मीही कोड लिहूनच पोट भरतो.

तर परवा रविवारी भाच्याला फोन केला आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे तू चीटिंग केलंस?"

"हो."

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "पण बोर्ड तर तूच काढला होतास ना?"

"बोर्ड मीच काढला होता. उंटपण."

"आजोबांना माहीत होतं?"

"नाही."

बाबांना सांगायचं राहिलं. शेवटच्या आजारपणात एकदा विषय तोंडापर्यंत आला होता. नेमके त्याच वेळी ते नर्सला सांगत होते, माझ्या मुलाने संगणकाला बुद्धिबळ शिकवलंय.

जुन्या सीडीवर तो कोड अजून आहे. काल रात्री उघडला. प्रत्येक फाइलच्या वर केरिगनची ओळ जिथे होती तिथे पुन्हा टंकली. त्याखाली माझं नाव ठेवलं आहे, आणि पुढे लिहिलं आहे: पट, सोंगट्या आणि दोन लहान केलेले ॲरे.

हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण त्या पाडव्याला आमच्या हॉलमध्ये होते. ज्यांनी ज्यांनी पेढे खाल्ले, त्यांनी कृपया एवढी दुरुस्ती करून घ्यावी. आणि मोठे काका, तुम्ही बरोबर होतात. प्यादं दोन घरं गेलं ते नियमातच होतं, पण बनवाबनवी होती.